दोन शिक्षक, चार वर्ग : जिल्हा परिषद शाळेतलं पहिलं वर्ष

नेमणुकीचा आदेश हातात पडतो, पंचायत समितीत हजर झाल्यावर शाळेचं नाव कळतं आणि दुसऱ्या दिवशी आपण विचारत विचारत वाडीवर पोचतो. दोन खोल्या, एक व्हरांडा, पट चाळीसच्या आत, वर्ग पहिली ते चौथी आणि शिक्षक दोन. नव्या शिक्षकाची सुरुवात बहुतेक वेळा अशाच शाळेत होते. डी.एड.ला असताना आपण सराव पाठ घेतले ते एकाच वर्गावर, टाचण काढून, तक्ता लावून, पस्तीस मिनिटांचे. इथे एका खोलीत पहिली-दुसरी बसलेली असते आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एका वर्गाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ होते.

मी अशा शाळांमध्ये सतरा वर्षं काढली. त्यातली सहा वर्षं मुख्याध्यापकपदाचा चार्जही माझ्याकडे होता. या काळात एकच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत आले: ज्या मुलांकडे आत्ता माझी पाठ आहे, ती काय करतायत? तुम्ही तिसरीला भागाकार कितीही छान शिकवा, त्या वेळी चौथीची मुलं फळ्यावरचा मजकूर उतरवून काढत बसली असतील, तर निम्म्या खोलीचा तो तास गेला. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिलंय, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातली रोजची चाळीस मिनिटं जरी ‘बसा गप्प, उतरवून काढा’ यात गेली, तरी वर्षाचे 133 तास होतात. चार तासांचा दिवस धरला, तर तेहतीस दिवस. महिन्याभराहून जास्त शाळा मूल हजर असूनही बुडते.

पुढे जे लिहिलंय, ते हे तेहतीस दिवस वाचवण्यासाठी आहे.

पहिले आठ दिवस : पुस्तक नंतर

जूनमध्ये शाळा उघडली की पहिला धडा काढायची घाई होते. तो आठ दिवस थांबू द्या. आधी प्रत्येक मुलाला एकट्याला व्हरांड्यात घेऊन बसा. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. दिवसाला सात-आठ मुलं झाली, तरी आठवड्यात सगळा पट होतो. बाकीच्यांना तोवर चित्रं काढू द्या, गाणी म्हणू द्या, सोबतचे शिक्षक सांभाळतील.

वाचनासाठी ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत सोपी आहे. मुलांना किती वाचता येतं, किती गणित येतं याच्या पाहणीचा त्यांचा ‘असर’ अहवाल 2005पासून याच पायऱ्यांवर उभा आहे. मूल अक्षर ओळखतं का, साधे शब्द वाचतं का, चार ओळींचा परिच्छेद वाचतं का, छोटी गोष्ट वाचतं का. कागदावर मोठ्या अक्षरात स्वतः लिहून काढा. मुलांना पाठ असलेल्या पुस्तकातला उतारा घेऊ नका, कारण पाठ म्हणणारं मूल वाचतंय असाच भास होतो. गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार, एवढं बघा.

चुकलं की लगेच दुरुस्त करू नका. कसं चुकलं ते लिहून घ्या, कारण खरी माहिती तिथेच असते. तिसरीतल्या एका मुलाला मी ‘एकोणतीस लिही’ म्हटलं, त्याने 31 लिहिलं. ‘पंचवीस’ला 52 लिहिलं. आधीच्या वर्षीच्या नोंदीत त्याच्या नावापुढे ‘संख्याज्ञान कच्चे’ एवढाच शेरा होता. खरं तर तो फार लक्ष देऊन ऐकत होता. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, वीस नंतर. त्याने ऐकलं त्या क्रमाने अंक मांडले. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून एकोणतीस आणि एकतीस त्याला सारखेच वाटत होते. त्याला पाढे पाठ करायला लावून काही झालं नसतं. ज्वारीच्या धाटाचे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. ‘पंचवीस’ म्हटलं की आधी दोन गठ्ठे, मग पाच सुट्या. एकोणतीसला तीन गठ्ठे मांडायचे आणि शेवटच्या गठ्ठ्यातली एक काडी काढून माझ्या हातात द्यायची. बारा दिवस हाच खेळ चालला. तेराव्या दिवशी त्याने आपणहून सांगितलं, ‘बाई, एकोणपन्नासलापण असंच असतंय.’

वाचनातही अशा ठरावीक जागा आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गोंधळ होतो. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी, म्हणून ‘दिवस’ वाचताना मूल अडखळतं. ‘सूर्य’मधला रफार तर उलट वागतो, उच्चारात आधी आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. कुठलं मूल कुठे अडतंय हे कळलं की निम्मं काम झालं.

हे सगळं एकाच मोठ्या कागदावर पेन्सिलने मांडा. डावीकडे नावं, वर पायऱ्या. हा कागद वर्षभर सांभाळायचाय.

गट वर्गाप्रमाणे नको, पायरीप्रमाणे

कागद भरला की दिसेल की चौथीतली दोन मुलं शब्दांवरच आहेत आणि दुसरीतली एक मुलगी गोष्ट वाचते. अशा वेळी रोज निदान दीड तास, मराठी आणि गणितासाठी, इयत्ता विसरायची. अक्षर-शब्दवाले एका खोलीत, परिच्छेद-गोष्टवाले दुसऱ्या खोलीत, आणि दोन शिक्षकांनी एकेक खोली घ्यायची. उरलेला वेळ वर्गाप्रमाणे पाठ्यपुस्तकं चालवा. चौथीच्या मोठ्या मुलाला दुसरीच्या पोरांत बसायची लाज वाटते, हे खरं आहे. म्हणून गटांना ‘हुशार’, ‘ढ’ असा वास येईल अशी नावं देऊ नका. फळांची, पक्ष्यांची द्या. आणि महिन्याने पुन्हा तपासून गट हलवत राहा. मूल वर सरकलेलं सगळ्यांना दिसलं की लाज आपोआप जाते.

केंद्र शासनाने 2021मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच्या प्रशिक्षणात तुम्हाला बरंच साहित्य मिळेल. ते घ्या, पण आधी तुमचा पेन्सिलचा कागद समोर ठेवा आणि कुठलं साहित्य कुठल्या मुलाच्या उपयोगाचं, ते ठरवा. पेटीतलं साहित्य जपून ठेवण्यासाठी नसतं. कार्ड फाटली तर नवी करू, पण मुलांच्या हातात जाऊ द्या. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे. तिथे डोळ्यांत भरायचं ते हेच की फरशीवर आखलेल्या चौकटींभोवती मुलं गोल बसलेली असायची आणि साहित्य त्यांच्या हातात असायचं, शिक्षकाच्या कपाटात नाही.

पाठ फिरलेल्या गटाचं काम

आता मूळ प्रश्नाकडे. तुम्ही एका गटाबरोबर बसलात की दुसऱ्या गटाला काम द्यावं लागतं. ‘शुद्धलेखनाच्या दहा ओळी’ हे काम नव्हे. मी कामाला दोन प्रश्न लावते. मला न विचारता मुलाला ते सुरू करता येईल का? आणि झालं की बरोबर आलं की चुकलं, हे त्याचं त्याला कळेल का? दोन्हींना ‘हो’ असेल तरच ते काम त्या गटाला द्यायचं.

शब्दकार्डं घ्या, पुढच्या बाजूला शब्द आणि मागे चित्र. जोडीतल्या एकाने वाचायचं, दुसऱ्याने उलटून बघायचं. बेरजेच्या कार्डांवर मागे उत्तर लिहा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू यासाठी फार उपयोगी पडतात, आणि मे महिन्यानंतर वाडीत त्यांना तोटा नसतो. परिच्छेदवाल्या गटाला जोडीने वाचायला द्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीखाली बोट फिरवायचं, आणि शेवटी दोघांनी मिळून एक प्रश्न तयार करून कागदावर लिहायचा. तो प्रश्न दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जोडीला जातो. मुलांनी काढलेले प्रश्न कधी कधी पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा बरे असतात.

सुरुवातीचे पंधरा दिवस मुलं दर मिनिटाला ‘बाई, बाई’ करत येतील. तेव्हा नियम सांगा: आधी शेजाऱ्याला विचार, मग गटप्रमुखाला, तरी अडलं तर बाईंकडे ये. गटप्रमुख दर सोमवारी बदलायचा आणि प्रत्येकाला पाळी मिळायलाच हवी, न बोलणाऱ्या मुलीलाही. खोलीत थोडा गलका होईल, तो चालू द्या. बाहेरून कुणी आलं आणि ‘वर्ग शांत नाही’ म्हणालं, तर त्यांना गटात बसवून एक कार्ड वाचायला द्या. मी एका पाहुण्यांना असं बसवलं होतं. ते अर्धा तास उठले नाहीत.

प्रश्न विचारल्यावर थांबा

‘समजलं का?’ असं विचारलं की पस्तीस गळ्यांतून ‘होऽऽ’ येतं. त्यातून आपल्याला काहीच कळत नाही. ज्याला आलं तो आधी ओरडतो आणि ज्याला नाही आलं तो त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतो.

पाटी ही यावरची सगळ्यात स्वस्त तोड. प्रश्न विचारा, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, ‘वर’ म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. एका नजरेत कोण कुठे आहे ते दिसतं. चुकलेल्याचं नाव घेऊ नका, फक्त मनात टिपा. तोंडी प्रश्नाला नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवा, पण चिठ्ठी काढायची ती प्रश्न विचारून झाल्यावर. आधी नाव घेतलं तर बाकीची मुलं सुटल्यासारखी सैल होतात.

आणि थांबा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांतली संभाषणं टेप करून तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात, असं त्यांना दिसलं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. वर्गात थांबून बघा, किती लांब वाटतात. मी मनात ‘एक आंबा, दोन आंबे, तीन आंबे’ मोजते.

गप्प मुलाचं कारण भाषाही असू शकतं. बंजारा तांड्यावरून पहिलीत येणारं मूल आईला ‘याडी’ म्हणतं आणि भाकरीला ‘बाटी’. मेळघाटात घरी कोरकू असते, नंदुरबारकडे भिली, पावरी. अशा मुलाला मराठी येत नाही याचा अर्थ त्याला काही येत नाही असा नव्हे. पहिले दोन-तीन महिने त्याच्या घरची भाषा वर्गात येऊ द्या. तुम्ही स्वतः पन्नास शब्द शिका आणि भिंतीवर दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लावा. शिक्षक आपल्या भाषेतला शब्द चुकत बोलतोय आणि आपण तो सुधारतोय, हे पाहून त्या मुलाचा चेहरा कसा फुलतो ते अनुभवाल.

न आलेलं मूल

हजेरीपटावर सलग दोन दिवस गैरहजेरी पडली की त्याच संध्याकाळी घरी जा. तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. रागावायला जायचं नाही, चौकशीला जायचं. कुणी धाकट्या भावाला सांभाळत असतं, कुणाची चप्पल तुटलेली असते, कुणाला पाढे आले नाहीत म्हणून भीती बसलेली असते. यातलं शेवटचं कारण आपल्या हातचं आहे.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हा प्रश्न मोठा होतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे सगळं दुसरं सत्र. तयारी ऑगस्ट-सप्टेंबरातच करायला लागते. यादी करा, आजी-आजोबा मागे राहणार आहेत का विचारा, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. तरीही जे मूल जाणार आहे, त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्या. त्याच्या आधारावर ते तिकडच्या शाळेत बसू शकतं. मी सोबत एक पिशवीही देते: वही, पेन्सिली, त्याच्या पायरीची कार्डं, आणि माझा फोन नंबर लिहिलेला पुठ्ठा. परत आल्यावर पुन्हा व्हरांड्यात पाच मिनिटं, आणि थेट योग्य गटात.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावं, हे आपल्याकडे फार आधी करून दाखवलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिला नावच कुरणशाळा. आपल्याला रोज कुरणात जाणं जमणार नाही, पण शनिवारी दुपारी वस्तीवरच्या झाडाखाली तासभर बसणं जमतं.

चार्ज तुमच्याकडे आला तर

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे स्वतंत्र मुख्याध्यापक 150हून जास्त पटाच्या शाळेला मिळतो. छोट्या शाळेत दोघांतल्या ज्येष्ठाकडे चार्ज असतो. त्यांची बदली झाली की तो दुसऱ्या वर्षीच तुमच्या गळ्यात पडू शकतो.

चार्ज घेताना यादीवर सही करण्याआधी प्रत्येक वस्तू हाताने मोजा. जनरल रजिस्टर, कॅशबुक आणि पासबुकाचा मेळ, डेडस्टॉक म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंद, आणि विशेषतः पोषण आहाराचा तांदूळ. मी पहिल्यांदा चार्ज घेतला तेव्हा पोती मोजली, वजन केलं नाही. दोन पोती अर्धीच होती. हिशोब जुळवताना दोन महिने मला रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून तराजूशिवाय मी सही करत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे अठ्ठावीस मुलं हजर असतील तर दोन किलो आठशे ग्रॅम. हजेरी घेतल्यावर आकडा स्वयंपाकी ताईंना सांगायचा, तांदूळ आपल्यासमोर मोजून द्यायचा, वाढण्याआधी चव घ्यायची आणि नोंद त्याच दिवशी करायची. आठवड्याची नोंद शनिवारी एकदम करायला बसलात की चुका सुरू होतात.

माहिती मागणारे निरोप दिवसभर येत राहतात. व्हॉट्सअॅपवर ‘तात्काळ’ लिहून एक तक्ता येतो, तो भरेपर्यंत दुसरा. आम्ही दोघांनी ठरवून घेतलं की दुपारच्या सुट्टीपर्यंत फोन कपाटात राहील. खरंच तातडीचं काही असेल तर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, सोबतच्या शिक्षकांच्या घरी फोन करतील, असं त्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवलं. वर्षभरात असा फोन तीनदा आला. कागदाचं काम टळत नाही, आणि ते चोख करावंच लागतं, पण ते साडेचारनंतर. सकाळचे दोन तास मुलांच्या वाचनाचे आहेत. मुख्याध्यापकाचं पहिलं काम ते दोन तास राखणं हेच, असं मी मानते.

सोबतच्या शिक्षकांशी वागणं नाजूक असतं. ते तुमच्याहून वयाने मोठे आणि गावात रुळलेले असतील, तर ‘सर, तुमच्या वर्गात येऊन बघू का’ म्हटल्यावर तपासणी वाटते. म्हणून उलट करा. ‘सर, माझा गट गणितात सारखा अडतोय, दहा मिनिटं मागे बसून बघाल का?’ असं म्हणा. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट दुसऱ्याच दिवशी करून दाखवा. पंधरा दिवसांत ते तुम्हाला बोलावतील. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेलाही असंच जा, एक ठरावीक अडचण घेऊन. ‘मुलं अभ्यास करत नाहीत’ याला कुणाकडेच उत्तर नसतं. ‘रफार असलेला शब्द सहा मुलांना वाचता येत नाही’ म्हटलं की पाच जण पाच उपाय सांगतात.

समितीची सभा आईच्या वेळेला

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, असं कायदा सांगतो. कागदावर हे असतंच. पण सभा सकाळी अकराला ठेवली तर खुरपणीला गेलेली आई येणार कशी? मग इतिवृत्त घरोघर फिरतं आणि अंगठे उमटतात. सभा संध्याकाळी सातला ठेवा, शाळेच्या पटांगणात, दिवा लावून. विषय तीनच ठेवा. आणि सुरुवातीला प्रत्येक मुलाने आपल्या आईजवळ बसून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, एक पान वाचून दाखवायचं. व्यासपीठ नको, माईक नको. ज्याला शब्दच येतात त्याने शब्द वाचायचे.

आमच्या शाळेत पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका आईने वाचून झाल्यावर पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, ‘बाई, मला यातलं हिचं नाव कुठं लिहिलंय ते दाखवता का?’ मुलीनेच दाखवलं. त्या बाई पुढे दोन वर्षं समितीच्या अध्यक्ष होत्या. पाण्याच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीत तीन वेळा जाऊन बसल्या आणि टाकी घेऊनच आल्या.

एप्रिल

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात जूनचा कागद काढा आणि व्हरांड्यात तीच पाच मिनिटं पुन्हा द्या. या वेळी पेनने. पेन्सिलची खूण कुठे होती आणि पेनची कुठे आली, दोन्ही एकाच ओळीत दिसतील. काही नावांपुढे दोन्ही खुणा एकाच चौकटीत असतील. त्या मुलांची नावं वेगळ्या कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर काय काय करून पाहिलं तेही लिहा. जूनमध्ये त्यांच्यापासूनच सुरुवात होईल. या कागदाची एक प्रत शाळेच्या कपाटात, हजेरीपटाच्या आत घालून ठेवा. मेमध्ये तुमची बदली झाली, तर तुमच्या जागी येणारा शिक्षक पहिल्या दिवशी सगळ्यात आधी हजेरीपटच उघडेल.